शिकार कोणाची, ओझं कोणाचं?



शिकारीचा इतिहास सांगायला बसलं की आपण हत्यारापासून सुरुवात करतो. आधी दगड, मग भाला, धनुष्यबाण, तोड्याची बंदूक, रायफल. पुस्तकांतली चित्रंही तशीच असतात. जनावर पडलेलं असतं, त्याच्यावर पाय ठेवून शिकारी उभा असतो आणि हातात हत्यार असतं. चित्र तिथेच संपतं. पण जनावर पडल्यावर खरं काम सुरू होतं. ते सोलायचं कोणी, तोडायचं कोणी आणि रानातून घरापर्यंत वाहून आणायचं कोणी? आज मी हत्यार बाजूला ठेवून ओझ्याकडून हा इतिहास सांगणार आहे, आणि तो मुख्यतः आपल्या खानदेशातला आहे.

विषय सुचला एका साध्या प्रश्नावरून. मूळचा धुळ्याकडचा, आता अमेरिकेत नोकरी करणारा एक तरुण आहे. तिकडे परवाना काढून ठरलेल्या हंगामात हरणाची शिकार करता येते. त्यानं विचारलं, ‘सर, मांस पाठीवर वाहून आणायला परवडेल अशी सॅक कशी निवडायची?’ तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला हे विचारावं म्हणजे गंमतच. पण प्रश्न मला आवडला, कारण त्यात त्यानं एक गोष्ट न बोलता मान्य केली होती. मारणार मी, तर वाहणारही मीच.

तेव्हा आधी त्याच्या प्रश्नाचं उत्तर देतो.

एक हिशेब बघा. आपल्याकडचा मोठा चितळ नर साधारण ७० ते ९० किलोंचा भरतो. कातडं, डोकं, आतडी, हाडं वगळली तर हाताला लागणारं मांस त्याच्या निम्म्याहून कमीच. सांबर दोनशे किलोंच्या पुढे जातं, आणि अमेरिकेतलं एल्क त्याहूनही मोठं. म्हणजे चितळाएवढं जनावर दोन खेपांत निघेल, सांबराएवढ्याला चार-पाच खेपा लागतील. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९६७ साली ओझ्याविषयी एक शिफारस केली. प्रौढ पुरुष कामगाराला हातानं, डोक्यावर किंवा पाठीवर ५५ किलोंपेक्षा जास्त वजन नेहमीचं काम म्हणून वाहायला लावू नये, असं त्यात म्हटलं आहे. ही सुद्धा कामाच्या सवयीच्या, सपाट जागेवर चालणाऱ्या माणसाची गोष्ट झाली. खुर्चीत बसून काम करणाऱ्यानं डोंगरउतारावर याच्या निम्मं उचललं तरी पुष्कळ.

आता सॅक. मांसाच्या सॅकमध्ये कापड दुय्यम, सांगाडा मुख्य. मांस हे मेलेलं वजन असतं, ते लोंबतं, हलतं, पाठीपासून सुटतं. जितकं ते पाठीपासून दूर, तितकं माणसाला मागे खेचतं. म्हणून ताठ चौकट हवी, आणि मांस चौकट व पिशवी यांच्या मधे, पाठीला चिकटून आणि जरा उंच बांधता आलं पाहिजे. दुसरं, कमरेचा पट्टा रुंद आणि घट्ट हवा, म्हणजे वजन खांद्यांवरून उतरून कमरेच्या हाडावर बसतं. तिसरं, पिशवी चौकटीपासून सुटी करून धुता आली पाहिजे, कारण रक्त झिरपणारच. चौथं, मांस प्लास्टिकमध्ये कोंबायचं नाही. ते गार व्हायला हवं, वारा लागायला हवा. पातळ सुती कापडाच्या पिशव्या पुरतात. पैसे कमी असतील तर ते चौकट आणि पट्ट्यावर खर्च करावेत, खिशांवर आणि चेनींवर नाही. अमेरिकन सैन्यानं १९७० च्या दशकात आणलेल्या, ‘अ‍ॅलिस’ नावाच्या चौकटीच्या सॅक तिकडे जुन्या लष्करी मालाच्या दुकानांत मिळत आल्या आहेत, आणि तिथले गरीब शिकारी त्यावर भागवतात. आणि घेण्यापूर्वी दुकानात वीस किलोंचं पोतं बांधून दोन जिने चढून पाहावं. जाहिरातीपेक्षा गुडघा खरं बोलतो.

ही चौकट काही कारखान्याची अक्कल नव्हे. १९९१ साली आल्प्समध्ये, इटली आणि ऑस्ट्रियाच्या सीमेवर, बर्फात एक माणूस सापडला. सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा. त्याला ‘ओट्झी’ म्हणतात. पोटात रानबोकड आणि लाल हरणाचं मांस होतं, जवळ धनुष्य आणि बाण होते. शेजारी हेझलच्या झाडाची वाकवलेली लांब काठी आणि लार्चच्या लाकडाच्या दोन फळ्या मिळाल्या. बहुतेक अभ्यासक ती पाठीवरच्या ओझ्याची चौकट मानतात. अमेरिकेत १९२४ साली लॉइड नेल्सन यानं लाकडी चौकटीच्या सॅकचं पेटंट घेतलं. त्याला ती कल्पना अलास्कात वापरलेल्या, मूळ रहिवाशांच्या बनावटीच्या सॅकवरून सुचली होती, विलोच्या काठ्यांवर ताणलेलं सीलचं कातडं. १९५२ मध्ये कॅलिफोर्नियात डिक केल्टी यानं तीच चौकट अ‍ॅल्युमिनियमची केली. म्हणजे पेटंट एकाचं, धंदा दुसऱ्याचा, आणि मूळ शहाणपण रानात राहणाऱ्यांचं. हा क्रम लक्षात ठेवा, पुढे आपल्याला तो पुन्हा भेटणार आहे.

आता खानदेशात येऊ. सातपुड्यातल्या माणसाला पाठीवरची चौकट लागली नाही, कारण त्याच्याकडे बांबू होता. बांबू म्हणजे कावड. एक लवचीक दांडा, दोन टोकांना दोन शिंकी. माणूस चालतो तसा दांडा लवतो, आणि पावलाचा धक्का खांद्याला थेट बसत नाही. विकत काही घ्यावं लागत नाही. मोडली तर वाटेतच दुसरी तोडता येते. परवडण्याच्या हिशेबानं याच्यापुढे कुठली कंपनी टिकेल? पण कावडीची एक अट असते. दोन्ही बाजू समान हव्यात. एका शिंक्यात जास्त घातलं की दांडा कलतो, दुसरीकडे दगड घालावा लागतो आणि मग तुम्ही विनाकारण दगड वाहता. त्यामुळे कावडीवाला आपोआप मोजून घेतो. मोठं जनावर असेल तर चारी पाय एका दांड्याला बांधून दोघं खांद्यावर घेतात. म्हणजे दुसरा माणूस लागला, आणि दुसरा माणूस आला की त्याचा वाटा आला.

दुसरी अट ऊन घालतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, हे तुम्हाला मी सांगायला नको. अशा उन्हात मांस काही तासांत वास मारू लागतं. तेव्हा जितकं त्या दिवशी घरी पोचेल, शिजेल, वाटलं जाईल किंवा पट्ट्या कापून वाळवता येईल, तितकंच मारण्यात अर्थ. त्याच्यावरची शिकार म्हणजे कोल्ह्या-तरसांना जेवण.

फासेपारध्यांचं उदाहरण घ्या. त्यांचे फास हलके, गुंडाळून खांद्यावर टाकण्याजोगे. हरीण जिवंतच फासात सापडतं, त्यामुळे मारायचं की सोडायचं हे ठरवायला वेळ मिळतो. मल्होत्रा आणि माधव गाडगीळ यांनी महाराष्ट्रातल्या भटक्या शिकारी जमातींचा अभ्यास केला, त्यात गाभण मादी आणि पाडसं सोडून देण्याची पारध्यांची जुनी रीत नोंदलेली आहे. वेगवेगळ्या जमाती वेगवेगळी जनावरं धरत, हेही त्यात दिसतं. ज्याला उद्याही त्याच रानात यायचं आहे त्याचा हा हिशेब आहे. मी त्याला पुण्य म्हणणार नाही. पण ही मर्यादा होती, आणि ती बाहेरून कोणी घातलेली नव्हती. खांदा हाताला आवरत होता.

ही मर्यादा कधी सुटते? मारणारा आणि वाहणारा वेगळा झाला की सुटते.

१८१८ मध्ये पेशवाई गेली आणि खानदेश इंग्रजांकडे आला. धुळ्याला कॅप्टन जॉन ब्रिग्ज आले. डोंगरातल्या भिल्लांशी झगडा चालूच राहिला. १८२५ मध्ये जेम्स औट्रम नावाचा बावीस वर्षांचा अधिकारी खानदेशात आला आणि त्यानं भिल्लांचीच पलटण उभारली. तिचं ठाणं आताच्या जळगाव जिल्ह्यातलं धरणगाव. औट्रमनं भिल्लांचा विश्वास मिळवला तो बराचसा शिकारीच्या सोबतीतून, हे त्याच्या चरित्रकारांनी कौतुकानं सांगितलं आहे. माणूस धाडसी होता यात वाद नाही. १८२५ ते १८३४ या दहा वर्षांत तो आणि त्याचे सोबती यांच्या शिकारीत १९१ वाघ पडले, असा आकडा नोंदलेला आहे. शिवाय बिबटे आणि अस्वलं वेगळी. म्हणजे वर्षाला सरासरी एकोणीस वाघ.

त्या काळात वाघ गुरं मारत होते, माणसंही मारत होते, सरकार वाघामागे बक्षीस देत होतं, आणि गावकऱ्यांनाही वाघ नकोच होता. हे सगळं खरं आहे, आणि आजच्या डोळ्यांनी औट्रमला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं मला पटत नाही. मला त्या चित्राची दुसरी बाजू बघायची आहे. वाघ खाण्यासाठी मारत नाहीत. त्यात घरी न्यायचं असतं ते कातडं, नखं आणि कीर्ती. माग काढणार भिल्ल, हाका घालणार भिल्ल, जखमी वाघाच्या मागे झाडीत शिरणारेही भिल्ल. तंबू, खाटा, पेट्या, दारूगोळा वाहणारी माणसं आणि बैल आसपासच्या गावांतले. बंदूक एकाच्या हातात आणि ओझं शंभर जणांच्या अंगावर. अशा शिकारीला थांबायचं कारणच काय? तिथे दमतो तो दुसराच.

या दुसऱ्याच्या श्रमाला आपल्या भाषेत जुना शब्द आहे, वेठ. आज आपण ‘वेठीस धरलं’ असं सहज बोलतो, राजकारणातल्या बातमीतही वाचतो. मूळ अर्थ इतकाच, की अंमलदार आला की त्याचं सामान पुढच्या गावापर्यंत फुकट वाहून द्यायचं. ही पद्धत इंग्रजांनी आणलेली नाही, पेशवाईतही ती होतीच. इंग्रजांनी ती आयती उचलली. आणि गावात ही वेठ कोणाच्या वाट्याला येई, हे जातीनं ठरलेलं होतं. महार वतनदाराच्या कामांत सरकारी माणसाचं सामान वाहणं होतं, निरोप पोचवणं होतं, आणि गावातलं मेलेलं जनावर ओढून नेणंही होतं.

इथे जरा थांबा. मांसाच्या ओझ्याचा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा इतिहास शिकारीचा नाहीच. तो मेलेल्या ढोराचा आहे. गावाला ते जनावर नकोसं झालेलं असायचं, गावाबाहेर ते न्यायचं ज्यानं, त्याला वरून विटाळ. उन्हात वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या, ज्यांना चान्या म्हणतात, त्या अनेक घरांतली बेगमी होत्या. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावराचं मांस सोडा असं सांगितलं, आणि १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनाविषयीचं विधेयक मांडलं. या दोन्ही गोष्टी मी एकत्र वाचतो. ताटात काय घ्यायचं आणि खांद्यावर काय घ्यायचं, हे दुसऱ्यानं ठरवायचं नाही, असा तो आग्रह होता. पुढे संविधानाच्या कलम २३ नं वेठबिगारीवर बंदी घातली. त्या कलमाच्या इंग्रजी मसुद्यातही ‘बेगार’ हा आपलाच शब्द तसाच ठेवलेला आहे. आणि १९६९ चा माथाडी कायदा, ज्यानं हमालाच्या डोक्यावरच्या ओझ्याला नोंद आणि संरक्षण दिलं, तो याच महाराष्ट्राचा.

आता थोडं शास्त्राकडे. अर्थशास्त्राच्या आठव्या अधिकरणात कौटिल्य मृगयेला व्यसनांत मोजतो, पण द्यूतापेक्षा ती बरी असं म्हणतो. कारणं देतो, व्यायाम होतो, कफ, पित्त, मेद, घाम कमी होतात, स्थिर आणि चालत्या शरीरावर नेम बसतो, प्राण्यांच्या मनातला राग आणि भीती कळते. या यादीत मांस कुठेच नाही. राजाच्या शिकारीचा पोटाशी संबंध केव्हाच तुटलेला होता.

महाभारताचं वनपर्व मात्र पोटाची गोष्ट विसरत नाही. द्वैतवनात पांडव राहत असताना युधिष्ठिराच्या स्वप्नात हरणं येतात. रडत सांगतात, आमच्यातली आता थोडीच उरली आहेत, बियाण्यापुरती, तुम्ही दुसरीकडे जा. आणि पांडव ते वन सोडून काम्यकवनात जातात. पाच भावांच्या पोटापुरती शिकार असती तर कदाचित ही वेळ आली नसती. पण त्यांच्या मागे केवढा परिवार होता! मारणारे थोडे आणि खाणारे पुष्कळ झाले की रान रिकामं होतं. त्याच पर्वात धर्मव्याध आहे, मिथिलेचा मांसविक्या. तो सांगतो की मी स्वतः मारत नाही, दुसऱ्यांनी मारलेलं विकतो. व्यास हा माणूस आपल्यापुढे ज्ञानी म्हणून उभा करतात, आणि तरीही हे वाक्य त्याच्या तोंडी घालतात. मारणं आणि विकणं वेगळं केल्यानं जबाबदारी किती उरते, हा प्रश्न ते वाचकावर सोपवतात.

आणि आपला वाल्या कोळी? त्यानं घरी जाऊन विचारलं, लुटीचं तुम्ही खाता, पापात वाटेकरी व्हाल का? सगळे नाही म्हणाले. मला वाटतं, शिकारीचा प्रश्न याच्याच शेजारचा आहे. मांसाचे वाटेकरी मिळतात, कातड्याचे मिळतात, फोटोचे तर हवे तेवढे मिळतात. ओझ्याचा वाटेकरी कोण?

तुमच्यापैकी कोणी म्हणेल, सर, स्वतः वाहणाराही हावरट असू शकतो. बरोबर आहे. चोरट्या शिकारीत मारणाराच पुष्कळदा वाहतो. म्हणून स्वतः वाहणं हे नीतीचं प्रमाणपत्र मी मानत नाही. पण यंत्रानं ओझं उचललं की काय होतं ते पाहा. स्वातंत्र्याच्या आसपास जीप आणि प्रकाशझोत आले आणि रात्रीची शिकार सोपी झाली. १९४७ मध्ये, आज छत्तीसगडमध्ये असलेल्या कोरिया संस्थानाच्या राजानं रात्रीच्या वेळी तीन चित्ते मारले, आणि भारतातल्या रानटी चित्त्यांची ती शेवटची खात्रीची नोंद मानली जाते. मोटारीला खांदा दुखत नाही.

मग कायदे आले. १८७८ चा वन कायदा, त्याच वर्षीचा शस्त्र कायदा, १९२७ चा वन कायदा. राखीव जंगलात फास लावणं गुन्हा झालं. परवाना आणि बंदूक असलेला साहेब मात्र नियमात बसत होता. पारध्यांसारख्या जमातींवर तर गुन्हेगार असल्याचा शिक्काच बसला. ज्यांची शिकार खांद्यानं आवरलेली होती तेच आधी चोर ठरले. शेवटी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं सगळ्यांचीच शिकार बंद केली. हा कायदा आवश्यक होता, यावलचं अभयारण्य आणि शिरपूरकडचं अनेर धरणाचं अभयारण्य उरलं आहे त्यात त्याचा वाटा आहे. पण बंदी सारखी असली तरी नुकसान सारखं नव्हतं. एकाचा छंद गेला, दुसऱ्याचं कालवण गेलं. २००६ च्या वनहक्क कायद्यानं जंगलातल्या माणसाला जमिनीचे आणि गौण वनोपजाचे हक्क दिले, शिकारीचा हक्क मात्र त्यातून स्पष्टपणे वगळला. आज आपल्याकडे शेताची नासधूस करणाऱ्या जनावराला मारायची परवानगी कायद्यानुसार मिळू शकते, पण मारलेलं वन्य जनावर कलम ३९ प्रमाणे सरकारची मालमत्ता असतं. तेव्हा जळगाव-धुळ्यात कोणी मांस वाहायच्या सॅकचा भाव विचारत असेल तर त्याचं उत्तर सोपं आहे. घेऊ नका, तुरुंगात ती चालत नाही.

त्या परदेशातल्या तरुणाला मी वर सांगितलं ते सगळं कळवलं, चौकट, पट्टा, सुती पिशव्या. आणि एक गोष्ट जास्तीची. सॅक दुकानात मोठी मागू नकोस. तुझ्या पाठीला किती खेपा झेपतात ते आधी ठरव आणि त्याच्यावर जनावर निवड. जनावरावर सॅक निवडू नकोस. खेप अर्धी झाल्यावर उरलेलं मांस रानात टाकून यावं लागलं, तर ती शिकार तुझी नव्हतीच. आणि वाहायला कोणी मजूर घेतलास तर त्याला मजुरीबरोबर वाटाही दे. कावडीच्या दुसऱ्या टोकाला जो असतो, त्याचा वाटा आपल्या डोंगरात कोणी बुडवत नसे.

इथे थांबतो. कोणाच्या घरात कावडीच्या, हाक्याच्या किंवा वेठीच्या जुन्या आठवणी असतील, आजी-आजोबांनी सांगितलेल्या, तर त्या लिहून ठेवा. बंदुका संग्रहालयात पुष्कळ आहेत. ओझं वाहणाऱ्यांनी मागे वस्तू फारशा ठेवल्या नाहीत, त्यामुळे त्यांचा इतिहास असा ऐकूनच लिहावा लागणार आहे.

प्रश्न असतील तर विचारा.